लिओनार्डचे रिपोर्ट

लिओनार्ड शेल्बी नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाची मानसोपचाराची फाइल आमच्या सांगलीच्या घरात बरेच दिवस एक्स-रेच्या पिशवीत पडून होती. ती आईनं ठेवली होती.

न्यू जर्सीहून आलेल्या मेहुण्यानं बॅग उघडून ती माझ्या हातात दिली आणि मी ऑफिसच्या गडबडीत टीपॉयवर ठेवून निघून गेलो. आईनं ती पाहिली. दवाखान्यातली केस-फाइल, रुग्णाची माहिती, हातानं लिहिल्यासारखी टिपणं. तिनं ती कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून बाबांच्या जुन्या ईसीजीशेजारी सरकवली आणि रात्री जेवताना मेहुण्याला हळूच विचारलं, "फार त्रास होतो का रे?"

त्याला वाटलं, ती विमानप्रवासाबद्दल विचारतेय. तो म्हणाला, "रात्री होतो हो. झोपच लागत नाही. सकाळ आहे की संध्याकाळ, तेसुद्धा कळत नाही."

आईनं त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि डोळे पुसले. तो परत जाईपर्यंत आमच्याकडे कुणी त्याच्याशी मोठ्या आवाजात बोललं नाही.

ती फाइल म्हणजे 'मेमेंटो' या सिनेमाची डीव्हीडी होती. ख्रिस्तोफर नोलननं २००० साली केलेला हा सिनेमा त्याच्या धाकट्या भावाला, जोनाथनला, सुचलेल्या कथेवरून निघाला. पुढे २००२ साली अमेरिकेत त्याची दोन तबकड्यांची खास आवृत्ती निघाली आणि तिचं वेष्टण नायकाच्या वैद्यकीय फाइलसारखं केलं गेलं. नायक तो लिओनार्ड. त्याच्या डोक्याला मार बसलाय. त्याआधीचं सगळं त्याला आठवतं, पण नवीन काही काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. अशा अवस्थेत तो बायकोच्या मारेकऱ्याला शोधतोय. भेटेल त्या माणसाचा पोलरॉइड फोटो काढून त्यावर शेरा लिहितो आणि फारच महत्त्वाचं असेल ते अंगावर गोंदवून घेतो.

ही आवृत्ती मीच मागवली होती. गावातल्या एका चित्रपट मंडळाचा मी सभासद. सिनेमा संपल्यावर प्रश्न विचारायला म्हणून उठतो आणि भाषण करून बसतो, अशी तिथे माझी ख्याती. अध्यक्षांनी एकदा वैतागून म्हटलं, "तुम्ही एक अख्खी संध्याकाळच घ्या ना." त्यांचा तिरकसपणा माझ्या ध्यानात आला नाही. मी तारीख मागून घेतली आणि 'मेमेंटो'वर बोलतो म्हणून सांगितलं. तोवर मी तो पाहिलेला नव्हता.

फाइल सापडली, तबकडी प्लेअरमध्ये घातली, तर प्लेअरनं ती नाकारली. सिनेमावाल्यांनी डीव्हीडीसाठी जगाची वाटणी केली होती. अमेरिका विभाग १ मध्ये, आपण ५ मध्ये. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रात चालू नये, अशी सोयच करून ठेवलेली. ज्या दुकानातून प्लेअर घेतला तिथला पोरगा आला. त्यानं ट्रे उघडला, रिमोटवर ओळीनं काही आकडे दाबले, पडद्यावर काहीतरी लुकलुकलं आणि म्हणाला, "झालं काका, आता कुठल्या पण देशाची लावा." आंतरराष्ट्रीय व्यापारनीती त्यानं चहा गार व्हायच्या आत मोडून काढली होती.

आता चित्र उमटलं. कृष्णधवल.

"रंग गेलेत का हो?" बायको म्हणाली.

"अगं, हे मुद्दाम असतं," मी म्हणालो. "तुझ्या भावानं आणलाय सिनेमा, जरा गांभीर्यानं घे."

तिनं गांभीर्यानं वाटाणे सोलायला घेतले.

या आवृत्तीत थेट 'प्ले'चं बटण समोर येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ चाचणी घेतात तसे शब्द, चित्रं, प्रश्न समोर येतात आणि त्यातून आपली वाट आपण काढायची. ती मी काढली की लोडशेडिंग सुरू व्हायचं. ते वीजटंचाईचे दिवस होते. वीज परत आली की आमचा प्लेअर कुठवर आलो होतो ते साफ विसरलेला असायचा. पुन्हा एफबीआयचा इशारा, जो पुढे ढकलता येत नाही, पुन्हा चाचणी, पुन्हा शब्द. आईनं एकदा विचारलं, "हे एफबीआयवाले रोज रोज कशाला येतात?"

हिचकॉकनं १९६० साली 'सायको' लावला तेव्हा खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक थिएटरांना घातला होता. त्याची जबर इच्छाशक्ती मला मान्य आहे, पण त्यानं आमच्या हॉलमध्ये हा प्रयोग करून दाखवायला हवा होता. आई फोडणी देऊन यायची आणि विचारायची, "काय झालं?" मी सांगायचो, "अजून झालं नाही. आधी काय झालं होतं, ते आता होणार आहे." ती माझ्याकडे मेहुण्याकडे बघायची तसं बघायला लागली. शेजारचे काका पेपर परत द्यायला आले, ते खुर्ची ओढून बसले.

"कुठून सुरू झालाय?"

"शेवटून."

"मग वेळेवर आलो म्हणायचं."

या सिनेमातला एक प्रसंग संपतो आणि पुढचा प्रसंग त्याच्या आधी घडलेला असतो. म्हणजे आपण नायकाच्या जागी असतो, हा माणूस इथे का उभा आहे हे त्याला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. इतकं मी वाचून होतो. पण अधेमधे काही प्रसंग उलटे न जाता सरळ पुढे चाललेत असा संशय येई. नायक मोटेलच्या खोलीत फोनवर बोलतोय, सॅमी जँकिस नावाच्या कुणाची तरी गोष्ट सांगतोय. हे आधीचं की नंतरचं? मी वहीत बाण काढत बसलो. पुढे जाणारे, मागे येणारे, एकमेकांना छेदणारे. ते पान बायकोला स्वेटरच्या विणीचा नमुना वाटलं. कुठला प्रसंग कुठल्या दिशेनं चाललाय हे प्रेक्षकाला कळायला दिग्दर्शकानं काहीही खूण ठेवलेली नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि भाषणात तो 'प्रेक्षकावरचा निर्दय विश्वास' या शब्दांत मांडायचं ठरवलं.

भाषण माझ्या मते रंगलं. माझा मुख्य मुद्दाच मुळी रंगाचा होता. मी म्हणालो, २००० साली, साऱ्या जगाला रंगांची चटक लागलेली असताना, या तरुण दिग्दर्शकानं आणि त्याच्या छायालेखकानं, वॉली फिस्टरनं, संपूर्ण सिनेमा कृष्णधवल ठेवण्याचं धाडस केलं. हिचकॉकनं 'सायको' कृष्णधवल काढला, तेव्हा त्यात खर्चाचा विचार होता आणि न्हाणीघरातलं रक्त लोकांना सोसवणार नाही हाही होता. ते रक्त चॉकलेटचं सिरप होतं. त्याहीआधी आपल्या शांतारामबापूंनी १९३७ सालीच 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीताला फाटा देऊन, आरशासमोर माणसाला त्याच्याच मनाशी भांडायला लावलं. मन उलगडायचं तर ते कृष्णधवलातच! नोलन हा थेट प्रभातच्या परंपरेतला! टाळ्या पडल्या. प्रभातला पडतातच.

प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतली एक कॉलेजकन्यका उभी राहिली. तिनं फार नम्रपणे विचारलं, "सर, यातले रंगीत प्रसंग मागे मागे जातात आणि कृष्णधवल प्रसंग पुढे पुढे येतात. शेवटी दोन्ही ओळी एकमेकींना भिडतात. नायकाच्या हातातला पोलरॉइड फोटो उमटत जातो आणि त्याबरोबर अख्खा पडदा कृष्णधवलातून रंगीत होतो. तो क्षण तुम्हाला कसा वाटला?"

मी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणालो, "मला तो क्षणही कृष्णधवलच वाटला."

सभागृहात असा एक शांत काळ पसरला की आपलं वाक्य फार खोल गेलंय, असं मला वाटलं. मग कुणीतरी नाकातून हसलं. अध्यक्षांनी आभार मानताना, "वक्त्यांनी आज सिनेमाची एक सर्वस्वी नवी आवृत्ती आपल्यासमोर ठेवली," असं म्हटलं. या वेळी तिरकसपणा ध्यानात आला.

दुकानातला पोरगा पुन्हा आला. कारण त्याला चालता चालताच ठाऊक होतं. अमेरिकेतली चित्रप्रक्षेपणाची पद्धत तेव्हा एनटीएससी, आपली पाल. आमच्या टीव्हीचं वय माझ्या संसाराइतकं. अमेरिकन चित्र तो कसंबसं दाखवत होता, पण त्यातला रंग त्याला वाचताच येत नव्हता. पोरग्यानं प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पाल' निवडलं आणि लिओनार्डच्या अंगावर कोट चढावा तसा पडद्यावर रंग चढला. "गेल्या वेळी सांगितलं असतंत ना काका," तो म्हणाला. बायको काही म्हणाली नाही. तिनं भावाला फोन लावला आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बराच वेळ हसली.

रंगीत पाहिल्यावर सिनेमा सोपा वगैरे झाला नाही, पण निदान खुणा जागच्या जागी दिसल्या. डोडी डॉर्न या बाईंनी केलेलं संकलन ऑस्करच्या नामांकनापर्यंत का गेलं, हेही कळलं. मी बाण काढलेली वही तेवढी फाडली.

पण हौस फिटेना. दुसऱ्या तबकडीत हा सिनेमा घडला त्या क्रमानं, सरळ बघायची सोय लपवून ठेवली आहे. घड्याळाचं चित्र निवडायचं, बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग एक बाई गाडीचं चाक बदलतेय अशी चित्रं येतात, ती क्रमानं लावायची. इथे मी खूश झालो. ऑफिसच्या जीपची स्टेपनी मी भर पावसात आंबा घाटात बदलली आहे. मी चित्रं बिनचूक लावली. सिनेमा सुरू होईना. पुन्हा लावली. बाई आधी गाडी उचलेल की आधी चाक काढेल, यावर मी बायकोला एक छोटं व्याख्यानही दिलं. शेवटी काकांचा नातू म्हणाला, "उलटी लावा की." ती उलटीच लावायची असतात. सरळ सिनेमा बघायचा तर चाक उलटं बदलायचं, हा न्याय तिसरीतल्या पोराला कळला.

मग सरळ सिनेमा सुरू झाला, तो शेवटच्या नामावलीनं, तीसुद्धा उलटी सरकणारी. आईनं देव्हाऱ्यापाशी बसूनच विचारलं, "संपला का एकदाचा?"

नोलनचं समालोचनही या आवृत्तीत आहे. त्याचा शेवट एकाहून अधिक तऱ्हांचा असून कुठला ऐकू येईल ते प्लेअर ठरवतो. टेडी नावाच्या माणसावर विश्वास ठेवावा, असं मी एकदा ऐकलं आणि ठेवू नये, असंही ऐकलं. मी ते मंडळात कुणाला सांगितलं नाही. तिथे माझ्यावरच विश्वास उरला नव्हता.

पुढे २००८ साली हिंदी 'गजनी' आला. आईनं तो टीव्हीवर पाहिला, आमिर खानच्या अंगावरचं गोंदण पाहिलं आणि मला हाक मारून म्हणाली, "हा बघ तुझाच सिनेमा, पण नीट लावलाय." सगळ्या घराचं त्यावर एकमत झालं.

प्लेअर अजून भंगारात दिला नसेल आणि परदेशातून कुणी डीव्हीडी आणणार असेल, तर वेष्टणाच्या मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोळ्यात छापलेला आकडा आधी बघायला सांगा. ५ असला तर निर्धास्त लावा. १ असला तर दुकानातल्या पोराला बोलवा, तो आलाच आहे तर टीव्हीचा प्रकार 'पाल' करून घ्या, आणि भाषणाची तारीख त्यानंतर द्या.