90 मिनिटांचं एक गणित

शालेय शिष्यवृत्तीचा एक पेपर म्हणजे 90 मिनिटांत 75 प्रश्न. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये एका दिवशी साडेचार तासांत तीन. म्हणजे तीच 90 मिनिटं, पण एका गणिताला. हा हिशेब ध्यानात आला की हुशार मुलांच्या जादा गणितवर्गांबाहेर ताटकळणाऱ्या पालकांची घालमेल समजते. आम्ही 75 वाले. पोर एकाच गणितापुढे तासभर पेन चावत बसलेलं आम्हाला बघवत नाही.

पुण्यात असे वर्ग नवे नाहीत. श्रीराम अभ्यंकरांनी 1976 मध्ये काढलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिंपियाडची तयारी करून घेतात. भारताचा संघ 1989 पासून या स्पर्धेला जातोय, 1996 ची तर मुंबईतच झाली. संघात मुलं सहा. अख्ख्या देशातून सहा! तरी रविवारी सकाळी क्लासबाहेर स्कूटर लावणारा प्रत्येक बाप त्यातली एक जागा रुमाल टाकून धरल्यासारखा वावरत असतो.

क्लास सुटला की चौकशी सुरू.

"काय शिकवलं आज?"

"कबुतरं."

खुराड्यांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका तरी खुराड्यात निदान दोन बसणारच, हे ते तत्त्व. एवढंच? याची फी? त्यावर एक चिरंजीव म्हणाले, "इथे तेरा पालक उभे आहेत. निदान दोघांचा वाढदिवस एकाच महिन्यात आहे. न विचारता सांगतो." एका काकांनी तरीही सगळ्यांना विचारून घेतलं. गणितावर त्यांचा विश्वास होता, चिरंजीवांवर नव्हता.

माझ्या मते या वर्गांत मिळणारी खरी चीज म्हणजे बिनकामाचं गणित. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर हे त्यातले उस्ताद. कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत 6174 येते आणि मग तिथून हलतच नाही. अट एकच, चारही अंक सारखे नकोत.

हे कळल्यावर पोरांनी पार्किंगमधली एकही नंबरप्लेट सोडली नाही. 3524 ही कुणाचीशी खटारा स्कूटर तिसऱ्या वजाबाकीतच 6174 ला पोचली. शेजारी ऐटीत उभी असलेली 7777 पहिल्याच फटक्यात शून्य! त्या चॉइस नंबरापायी मालकाने आरटीओत किती मोजले असतील, या विचाराने मला उगाचच बरं वाटलं.

याचा जेईईला उपयोग होतो का, असं कुणीतरी सरांना विचारतंच. सर सज्जन. "होतो की थोडाफार," म्हणतात आणि लगबगीने फळा पुसायला लागतात.

पण आमच्या कन्येची तऱ्हा त्याहून अवघड. मागच्या आठवड्याचं गणित सुटलं का, असं विचारलं तर म्हणाली, "नाही. कुणालाच नाही सुटलं." आणि हे सांगताना चेहरा असा, जणू बक्षीस मिळालंय.

"मग सरांनी तरी सांगितलं असेल ना उत्तर?"

"सांगायला लागले होते. आम्ही सगळ्यांनी कानात बोटं घातली."