तोरण्याचं नवं गुप्तधन

तोरण्याची डागडुजी करताना शिवरायांना धनाचे हंडे सापडले, त्यातून राजगड उभा राहिला, असं सांगतात. आता खणायचीही गरज नाही. रविवारी वेल्ह्यातून वर चढा. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, सगळं धन उघड्यावरच. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे म्हणे. ती बहुधा दम लागून पायथ्याशीच बसली. २०२५ मध्ये राजगड जागतिक वारसा यादीत गेला. आनंदच आहे. तिथलं पाकीटही उन्हात तडकतं, पावसात गुंजवणी नदीत उतरतं आणि भुगा होऊन धरणातून शेतात पोचतं. शिवभक्त बाटली वर सोडतात. घोषणा मात्र गाडीपर्यंत न विसरता आणतात.