भाऊंचं पथ्यपाणी

आगाशीतल्या कुठल्याही जेवणावळीत भाऊ पंगतीला बसले की वाढपी जरा बिचकतात. पानात काय वाढलंय याच्याशी भाऊंना देणंघेणं नसतं, किती वाढलंय ते बघतात. समोरच्याने तिसऱ्यांदा जिलेबी घेतली की शेजारच्या वाडीवाल्याच्या कानात पुटपुटतात, "लॅक्टेट वाढणार." वाडीवाल्याला वाटतं, केळीवर नवा रोग आला.

भाऊंची नोकरी पेशींना जेवू घालण्याची. नवी मुंबईतल्या एका औषध कंपनीत पोलादी टाक्यांमध्ये हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशी वाढतात. कर्करोगावरची, संधिवातावरची महागडी प्रथिनं त्या तयार करतात. त्यांनी ती भरपूर करावीत म्हणून त्यांच्या पाण्यात काय आणि किती कालवायचं, हे भाऊ ठरवतात. मूळची चिनी हॅमस्टरीण १९५७ च्या सुमारास अमेरिकेत थिओडोर पक यांच्या प्रयोगशाळेत आपला बीजांडकोश देऊन गेली. "बाई गेल्या, पण वंश अजून जेवतोय," भाऊ सांगतात, "आणि अजून नावं ठेवतोय."

हॅरी ईगल यांचं नाव निघालं की भाऊ गवयासारखी कानाची पाळी धरतात. पेशीला जगायला नेमकं काय लागतं, याची यादी ईगलसाहेबांनी १९५५ साली मांडली: तेरा अमिनो आम्लं, थोडी जीवनसत्त्वं, क्षार, ग्लुकोज. तरी वर वासराच्या रक्ताचं थोडं सीरम लागायचंच, आणि त्यात काय काय असतं ते वासरालाच ठाऊक. आता औषधाच्या कामात शक्यतो ते घालत नाहीत. दर खेपेचं सीरम वेगळं, शिवाय त्यातून विषाणू यायची भीती. त्यामुळे पन्नासावर घटक एकेक करून तोलायचे, आणि त्यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. टायरोसीनला भाऊ 'माणूसघाणं' म्हणतात, कारण ते पाण्यात विरघळायलाच तयार नसतं. ग्लुटामिन नुसतं उबेला ठेवलं तरी आपोआप मोडतं आणि अमोनिया सोडतं. ग्लुकोज जास्त झालं की पेशी लॅक्टेट टाकतात, पाणी आंबटतं. ते सावरायला अल्कली घाला, तर खारटपणा वाढतो आणि पेशी रुसतात.

या सगळ्यातून भाऊंनी आयुष्याचं एक सूत्र काढलंय: कोणी उपाशी मरत नाही, आपल्याच सांडपाण्यात मरतं. हे त्यांनी गटाराच्या तक्रारीत लिहून दिलं होतं. तक्रार कुठल्या खात्याकडे पाठवायची ते मात्र कोणाला उमगलं नाही.

विरार लोकलच्या गर्दीला भाऊ 'घनता' म्हणतात. टाकीत मिलिलिटरला दोन कोटी पेशी आनंदाने राहतात, मग चौथ्या सीटवरच्या माणसाने कुरकुर का करावी, असा त्यांचा सवाल असतो. "तुमच्या पेशींना खालून हवेचे बुडबुडे सोडतात, इथं पंखाही बंद आहे," असं एकाने सुनावलं. तेव्हापासून भाऊ प्राणवायूचा मुद्दा टाळतात.

भाच्याला नोकरी लागेना तेव्हाही त्यांनी तोडगा काढला. टाकीत पाच-सहा दिवस पेशी सदतीस अंशांवर वाढू द्यायच्या, मग तापमान तेहतिसाच्या आसपास उतरवायचं. वाढ मंदावते, उत्पादन सुधारतं. "याची वाढ पुरे झाली," भाऊ म्हणाले आणि भाच्याच्या खोलीतला एसी सोळावर लावून आले. भाचा दुपारपर्यंत गोधडीत गाढ झोपला.

खरी गंमत सुकेळ्यांची. आगाशीची सुकेळी राजेळी केळ्यांची. पिकली की सोलायची, उन्हात वाळवायची, रात्री आत घ्यायची, शेवटी केळीच्याच वाळक्या पानात बांधायची. भाऊंच्या आई हे सगळं बोटाने दाबून ठरवतात. भाऊंना ते बघवेना. केळं किती पिकलेलं, दिवसाकाठी कितीदा उलटायचं, वर कापड घालायचं की नाही, असे अकरा मुद्दे त्यांनी काढले. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघणाऱ्याला ते अडाणी समजतात. ग्लुकोज आणि ग्लुटामिनचं आपसात काय चालतं ते अशा माणसाला जन्मात कळायचं नाही. प्लॅकेट आणि बर्मन यांनी १९४६ साली दाखवलेल्या रीतीने अकरा मुद्दे बारा प्रयोगांत चाळता येतात. तेव्हा अंगणात बारा सुपं मांडली गेली, प्रत्येकावर चिठ्ठी. "अरे, ऊन कुठल्या सुपात घातलंस ते लिहिलंस का?" आईंनी विचारलं.

उन्हाळ्याची सुट्टी होती. घरभर भाचरं. चौथ्या दिवशी भाऊ वही घेऊन उतरले तर सात नंबरचं सूप लख्ख, तीन नंबरचं अर्धं, आणि बाकीची जशीच्या तशी. वहिनी म्हणाल्या, "अहो, पोरांना का ओरडता? तुमचे आकडे त्यांनी खाल्ले, एवढंच."

भाऊ ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. गोडी, मऊपणा, चिवटपणा अशी निरनिराळी मापं घेण्यापेक्षा कुठलं सूप किती वेळात रिकामं होतं तेवढंच टिपलं तर? वहीत त्यांनी नवा रकाना आखला. सात नंबरच्या चिठ्ठीवर कोणते मुद्दे होते ते शोधायला ते वाकले, तर तिथे चिठ्ठीच नव्हती. ते सूप आईंनी आपल्या पद्धतीने घातलेलं होतं, बारा मांडल्यावर कडेला जागा उरली नाही म्हणून मधे सरकवलेलं.

आता आईंनी उरलेली सुकेळी गच्चीवर नेऊन दाराला कुलूप घातलंय. भाऊ किल्ली मागत जिन्यात उभे असतात. सुकेळी नकोत, फक्त दोन भाचरं आत सोडा म्हणतात.