गिनीमोलाची गोळी

लँकेशायरात सेंट हेलेन्सला गोळ्यांचा कारखाना काढणारे थॉमस बीचम लहानपणी मेंढ्या राखत. वैद्यकीला याहून उत्तम पूर्वतयारी नाही. कळप हाकता आला की रोगी आपसूक मागे येतात. डबीचे मोल एक गिनी, असे जाहिरात सांगे. द्यायचे मात्र फक्त एक शिलिंग दीड पेनी. इतका तोटा सोसून माणूस लक्षाधीश झाला, हा पुण्याईचाच भाग.

पोटातला वारा, घेरी, धाप, स्कर्व्ही, भयानक स्वप्ने, सगळ्यांवर तीच गोळी. पदवीधर डॉक्टरांना जाहिरात करणे वर्ज्य, वर नाडी पाहिल्यावाचून औषध न देण्याची खोड. ते मागे पडले यात नवल ते काय?

१९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने, अर्थात मत्सरापोटी, ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात गोळ्यांचे पृथक्करण छापले: कोरफडीचा सुकवलेला रस, सुंठ आणि साबण. ५६ गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग. लोक उगाच हसले. साबण पोटात घेण्याइतकी स्वच्छतेची आवड आज कुणाला आहे?

किमतीतली वरची दीड पेनी मात्र सरकारची. प्रत्येक डबीवर कराचे तिकीट चिकटवावेच लागे. दीड पेनी म्हणजे आतल्या औषधाच्या बारापट. गुण नेमका कशाचा येत होता, हे हिशेबानेच सिद्ध होते. तेव्हा सुज्ञ रोग्याने गोळ्यांनी हात धुवावेत आणि निजताना कोमट पाण्याबरोबर तिकीट घ्यावे.