आधी शॉवर घ्यावा
अ‍ॅरिझोनातली 'सन सिटी' १ जानेवारी १९६० रोजी खुली झाली, खास निवृत्तांसाठी. अमेरिकी कायदाही अशा वसाहतींच्या बाजूचा: ८० टक्के घरांत निदान एक रहिवासी पंचावन्न पार केलेला असला, की लेकुरवाळ्यांना दार बंद करता येते. मग तिथल्या पोहण्याच्या तलावाला नियमावली आलीच. सूर मारू नये, पाणी उडवू नये. नातवंडांना सहसा ठरावीक तास, तेही आजी-आजोबांच्या नजरेखाली. तान्ह्यांना पोहण्याचे खास डायपर. संशय सगळा पोरांवर!

क्लोरीनला मात्र वय कळत नाही. घाम, लघवी कोणाचीही असो, क्लोरीनशी संयोग झाला की डोळे चुरचुरतात. पण आजोबांना पाण्यात उतरण्याआधी शॉवरची आठवण कोण करून देणार? नियम करणाऱ्या समितीचे अध्यक्ष तेच.