उरलेला एक दशांश

आमच्या हॉलमध्ये पाच स्पीकर आहेत. दोन टीव्हीच्या डाव्या-उजव्या अंगाला, एक टीव्हीखाली आडवा आणि दोन मागच्या भिंतीवर, जिथे पूर्वी आमच्या लग्नाचा फोटो होता. या पाचांच्या एकत्र बोलण्याला होम थिएटर म्हणतात, अशी माझी समजूत होती. भाचा बेंगळुरूहून आला, सोफ्यावर बसला, दहा मिनिटं सिनेमा पाहिला आणि म्हणाला, "मामा, हे फाइव्ह पॉइंट झीरो झालं. पॉइंट वन कुठाय?"

माझी उभी हयात लेखापरीक्षणात गेली. पाच पैशांच्या फरकासाठी मी तालुक्याच्या गावी मुक्काम केलेले आहेत. आपल्याच घरात एक दशांश कमी पडतोय आणि तो आपल्याला पाहुण्याने दाखवून द्यावा, हे मला सहन होण्यातलं नव्हतं. भाचा परत गेला आणि मी त्या दशांशाची फाइल उघडली.

फाइलमध्ये पहिल्याच पानावर घोटाळा निघाला. टॉमलिन्सन हॉलमन हे अमेरिकेतले ध्वनितज्ज्ञ. थिएटरात पाटी झळकते त्या 'टीएचएक्स'मधले टी आणि एच त्यांचेच. 1987 साली तिकडच्या चित्रपट-अभियंत्यांच्या बैठकीत, नव्या डिजिटल सिनेमाला आवाजाच्या वाहिन्या किती लागतील, असा प्रश्न निघाला. हॉलमन म्हणाले, 5.1. पाच पूर्ण वाहिन्या आणि नुसत्या खर्जासाठी एक अपुरी. ही अपुरी वाहिनी पूर्ण वाहिनीच्या कितवा हिस्सा? तर साधारण दोनशेवा. म्हणजे खरा आकडा 5.005. तो त्यांनी राऊंड ऑफ करून 5.1 केला! 0.005 चं 0.1, म्हणजे सरळ वीसपट. आमच्या खात्यात असं राऊंडिंग करणाऱ्या कारकुनाला पेन्शन मिळेपर्यंत खुलासे लिहावे लागले असते. सिनेमावाल्यांनी मात्र तो आकडा जगभर खोक्यांवर छापला.

या फुगवलेल्या दशांशाचा स्पीकर म्हणजे सबवूफर, आणि त्याचं वजन दुकानात गेल्यावर कळतं. बाकीचे पाच स्पीकर मी पिशवीतून रिक्षाने आणले होते. हा उरलेला एक दशांश उचलायला दोन माणसं लागतात.

आधी तपकीर गल्ली झाली. पुण्यात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू घ्यायची तर माणसाचे पाय बुधवारातल्या त्या बोळाकडेच वळतात, आणि तिथे वॅटचा तुटवडा कधीच नसतो. एका खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, '10000 वॅट पीएमपीओ'. मी त्याची वायर पाहिली. साधी पिन, 6 अँपिअरची. 230 व्होल्टवर त्या पिनेतून जास्तीत जास्त 1380 वॅट आत जातील. उरलेले 8620 वॅट कुठल्या खात्यातून आले, असं मी दुकानदाराला विचारलं.

"काका, ते पीएमपीओ आहेत," तो म्हणाला. जणू पीएमपीओ झाले की जमाखर्च लागतच नाही.

आणि खरोखरच लागत नाही. पीएमपीओ म्हणजे क्षणाच्या एखाद्या कपच्यापुरता, तोही कागदावर, दाखवता येईल असा मोठ्यात मोठा आकडा. तो कसा काढायचा याचं ठरलेलं मोजमापच नाही. यंत्र तासन्‌तास जे खरोखर देऊ शकतं ते आरएमएस. मी आरएमएस विचारल्यावर दुकानदाराने आपला आवाज खाली आणला. "साठ," तो म्हणाला. मुलीचं खरं वय सांगावं लागलेल्या वधूपित्यागत. खरेदीला निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की वॅट हा आकडा सगळ्यात शेवटी विचारावा.

मग एका एसी शोरूममध्ये गेलो. तिथे सोफा होता, पडदे होते आणि हळू आवाजात बोलणारा एक तरुण होता. "सर, सबवूफर ऐकायचा नसतो, जाणवायचा असतो," असं म्हणून त्याने डायनासोर सोडला. पायातली चप्पल हलली. तरुणाचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. माणसाच्या कानाची खालची हद्द 20 हर्ट्झ. त्या सीमेवरचे आवाज कानापेक्षा छातीला आणि पोटाला आधी समजतात. 1974 च्या 'अर्थक्वेक' या सिनेमासाठी युनिव्हर्सलने थिएटरांत एवढे दांडगे खर्जाचे स्पीकर लावले होते की हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात प्रेक्षकांच्या डोक्यावर जाळी बांधावी लागली, छताचं प्लास्टर पडलं तर झेलायला. आमच्या सोसायटीत प्लास्टर सिनेमा न लावताही पडतं, त्यामुळे मी जरा सावध झालो.

"आठ इंची, दहा इंची की बारा इंची?" तरुणाने विचारलं. भाच्याने फोनवरून बारा सांगून ठेवले होते. शाळेतलं क्षेत्रफळ आठवलं तर बारा इंची पडदा दहा इंचीपेक्षा चव्वेचाळीस टक्के जास्त हवा ढकलतो, तेवढीच हालचाल धरली तर. सौभाग्यवतींनी मात्र इंचांना हात घातला नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "याच्यावर काय ठेवता येईल?"

"काही नाही, मॅडम."

"मग एवढी जागा अडवून वर काहीच नाही?"

पुढचा प्रश्न डब्याच्या जातीचा होता. खर्जाच्या डब्यात दोन जाती. एक चारही बाजूंनी बंद. दुसरीला एक नळीसारखं भोक असतं. स्पीकर मागे जी हवा ढकलतो ती बंद डब्यात कोंडून राहते. भोकवाल्यात नळीतली हवा ठरावीक सुराला स्वतःच डोलायला लागते आणि तेवढ्याच विजेत जास्त दणका मिळतो. पण त्या ठरावीक सुराच्या खाली गेलं की भोकवाला झपाट्याने गळपटतो, दर सप्तकामागे 24 डेसिबलने. बंद डबा निम्म्या उताराने, 12 ने, सावकाश खाली येतो. शिवाय लहान खोलीच्या भिंती अगदी खालच्या खर्जाला स्वतःहून थोडा टेकू देतात, त्यामुळे फ्लॅटमध्ये बंद डब्याचं आणखी फावतं. भोकवाल्यांचा पक्ष धमाक्याचा, बंदवाल्यांचा नेमकेपणाचा. डग्ग्यावर थाप पडून आवाज कुठे संपला ते बंद डब्यात स्वच्छ कळतं. हे सगळं तरुणाने फार मन लावून समजावलं. मी विचारात पडलो असताना सौभाग्यवती वाकल्या, भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "यात पाल जाईल."

ध्वनिशास्त्रात या मुद्द्याला उत्तर नाही. दहा इंची बंद डबा आमच्या घरी आला.

आल्या आल्या त्याने पहिला अपमान जुन्या पाचांचा केला. रिसीव्हरच्या यादीत प्रत्येक स्पीकर लार्ज की स्मॉल ते भरायचं असतं. भाचा म्हणाला, "सगळे स्मॉल करा, मामा. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं सबकडे जाऊ दे." ज्या जोडीसाठी मी मुदत ठेव मोडली होती ती मी स्वतःच्या अंगठ्याने स्मॉल केली. आवाज सुधारला, हे अधिक लागलं.

आता डबा ठेवायचा कुठे? पुस्तकात लिहितात की 80 च्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, म्हणून सबवूफर कुठेही ठेवावा. त्या लाटेची लांबी चार मीटरच्या वर आणि आपल्या दोन कानांत वीतभर अंतर. दोन्ही कानांना एकच बातमी पोचते, दिशा ठरणार कशी? माझं वाचन संपायच्या आत सौभाग्यवतींनी 'कुठेही' हा शब्द उचलला. "मग गच्चीच्या जिन्यात ठेवा की."

पण कानाला दिशा कळत नसली तरी खोलीला जागा कळते. आमचा हॉल सोळा फूट लांब. 35 हर्ट्झच्या आसपासची लाट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अशी बरोबर बसते की दोन्ही टोकांना ती फुगते आणि मध्यावर जवळपास नाहीशी होते. मागे जेवणाचं टेबल असल्यामुळे आमचा सोफा नेमका मध्यावर आहे. म्हणजे डायनासोर यायचा, स्वयंपाकघराच्या दाराशी धाडकन पाऊल टाकायचा, बाल्कनीच्या दाराशी टाकायचा, आणि सोफ्यावरून पाय न वाजवता निघून जायचा. सोफा हलवणे हा विषय सौभाग्यवतींनी आधीच बंद केलेला होता.

यावर जगभरचे शौकीन एक उपाय करतात. डबा बसायच्या जागेवर ठेवायचा, एक खर्जाची धून चालू करायची, आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने कान जमिनीलगत ठेवून फिरायचं. जिथे खर्ज सगळ्यात भरीव, सगळ्यात सारखा ऐकू येईल, तिथे डबा ठेवायचा. तत्त्व बिनचूक आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी हिशेब तोच येतो. मला हे फार आवडलं. दुहेरी नोंद पद्धतीच्या जवळ जाणारी अशी गोष्ट संगीतात क्वचित भेटते.

तेव्हा रविवारी सकाळी डबा सोफ्यावर विराजमान झाला आणि मी लेंग्यावर रांगू लागलो. टीव्हीच्या कोपऱ्यात सगळं गुबगुबत होतं. खिडकीखाली खर्ज गायब. दिवाणाजवळ बरा, पण एकच सूर घुमणारा. मी शोकेसच्या पायथ्याशी कान लावून डोळे मिटले असताना बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे काका होते. त्यांनी सोफ्यावरच्या डब्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या माझ्याकडे पाहिलं.

"काही पडलंय का यांचं?"

"नाही हो," सौभाग्यवती म्हणाल्या, "जागा शोधतायत."

काका काही न विचारता परत गेले, आणि सोसायटीत मला गुडघ्यांच्या डॉक्टरांची नावं सुचवली जाऊ लागली. खर्जाला सगळ्यात पसंत पडलेली जागा निघाली चपलांच्या स्टँडजवळची. चपला बाल्कनीत गेल्या.

त्यानंतर घरात काय काय सैल आहे ते कळू लागलं. शोकेसची काच 38 ला थरथरते, पंख्याची वरची वाटी 44 ला, खिडकीचा एक गज 52 ला. मी रीतसर तक्ता केला आहे. देव्हाऱ्यातली घंटा कोणी हात न लावता किणकिणली तेव्हा सौभाग्यवतींनी हात जोडले आणि मी आवाज दोन काड्या खाली आणला. आवाज खाली आणला की आणखी एक पंचाईत. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 साली दाखवून दिलं की आवाज हळू झाला की कानातून खर्ज आधी निघून जातो. मग माणूस रात्री दहाला सभ्यपणे एकूण आवाज कमी करतो आणि हळूच सबवूफरचा वेगळा वाढवतो. सगळेच करतात.

भिंती आणि स्लॅब बारीक आवाज पुष्कळ अडवतात; खर्जाला मात्र वाट देतात. डब्याखाली फोमच्या पट्ट्या घातल्या तर त्याची थरथर जमिनीत कमी उतरते, हवेतून जाणाऱ्या लाटेला पट्टी काय करणार? काका मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप घेऊन आले. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45, हे 2000 सालच्या नियमांतले आकडे त्यांना पाठ होते, कारण विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींविरुद्ध सोसायटीने जे निवेदन दिलं त्यावर त्यांची आणि माझी सही लागोपाठ आहे. मजकूर तर माझाच. 'छातीत धडधडते' हा शब्दप्रयोग मीच सुचवला होता.

अ‍ॅपने 43 दाखवले. काकांनी मोबाइल हलवला, पुन्हा 43. "पण माझी कॉट हलते हो!" ते म्हणाले. कॉट हलत असणारच. नियमातला डेसिबल माणसाच्या कानाच्या मानाने 'ए' पद्धतीने मोजतात आणि तीत 50 हर्ट्झच्या आवाजातून 30 डेसिबल आधीच वजा होतात. एवढी घसघशीत सूट आयकर खात्याने कोणाला दिलेली माझ्या पाहण्यात नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. लेखापरीक्षक विचारल्याशिवाय बोलत नाही.

दर शनिवारी रात्री आमच्याकडे सिनेमा असतो. मध्यंतरी काका जिन्यात भेटले. "परवाचं ते जहाज शेवटी बुडलं का?" त्यांनी विचारलं. "आम्हाला आदळल्याचं कळलं, मग बराच वेळ नुसती घुरघुर. ही म्हणाली बुडलं, मी म्हटलं नाही बुडणार." बुडाल्याचं मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मी त्यांना वर बोलावलं.

ते दोघंही आले. सौभाग्यवतींनी त्यांना सोफ्याच्या मध्यभागी बसवलं, मानाच्या जागी. मी निवडून एक युद्धपट लावला. तोफा झाल्या, पूल उडाला, रणगाडे आले. काकू गुंगून पाहत होत्या. काका अस्वस्थ दिसले. एकदा त्यांनी चपलांच्या जुन्या जागेकडे मान वळवून पाहिलं, एकदा जमिनीकडे. सिनेमा संपला, चहा झाला.

"छान आहे हो," काका म्हणाले. "चित्रामुळे गोष्ट पुष्कळ उलगडते. पण खरं सांगू? आवाज आमच्याकडे जास्त चांगला येतो. आमची कॉट कोपऱ्यात आहे ना."

मी काही बोललो नाही.

"पुढच्या शनिवारी सिनेमा लावा आणि तुम्ही दोघं खाली या," ते म्हणाले. "ही भजी करेल."

"कांद्याची का बटाट्याची?" सौभाग्यवतींनी विचारलं.