तीन युनिटं

सकाळी आठच्या सुमारास शेजारच्या काकू गच्चीवर पॅनेलं पुसत असतात, देवघरातली भांडी घासावीत तितक्या निगुतीनं. आज उतरल्या त्या थेट कुंपणाशी आल्या. मी धुणं वाळत घालत होते.

"अगं, भाचीनं जर्मनीहून फोटो पाठवलाय, बघ."

बाल्कनीच्या कठड्याला दोन काळी पॅनेलं बांधलेली, आपण गोधडी टाकतो तशी. वायर आत जाऊन सरळ भिंतीतल्या प्लगात.

"झालं! ऑनलाइन नोंद केली की संपलं. आमच्या वेळी अर्ज, कागदं, ठेकेदार, तपासणी, मग नेट मीटर. निम्मी फाइल तर मीच झेरॉक्स केली."

"पण तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान मिळालं की काकू!"

"मिळालं ना. नाही कुठं म्हणतेय?"

मला ते मिळायचं नाही. २०२४ ची सूर्यघर योजना ज्याचं छप्पर त्याच्यासाठी. भाडेकरूला कुठली आलीये गच्ची? मला हे कठड्याचंच बरं, असं मी म्हणायला आणि काका पेपर घेऊन बाहेर यायला एकच गाठ पडली. काका इथल्या थर्मल वीज केंद्रातून निवृत्त. आमच्या एकलहऱ्यात विजेबद्दल बोलताना जरा जपूनच बोलावं. कुंपणापलीकडे कोण तज्ज्ञ निघेल सांगता येत नाही.

"घालशील प्लगात," काका म्हणाले, "आणि लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला असेल तर? तुझ्या घरातून उलटी वीज त्याच्या हातात!"

"मग जर्मनीत कसं चालतं?"

"इन्व्हर्टरला तेवढी अक्कल दिलेली असते. लाइन गेली की तोही डोळे मिटतो."

"म्हणजे लाइट गेल्यावर काही उपयोग नाही?" काकूंनी विचारलं.

"शून्य."

"मग घाल चुलीत!"

काकांचं अजून संपलं नव्हतं. आपल्याकडचे काही मीटर उलट गेलेली वीजही वापरली म्हणूनच मोजतात. ऊन तुझं आणि वर बिलही तुझंच. शिवाय भाड्याच्या घरातलं जुनं वायरिंग. म्हणूनच जर्मनीनं अशा प्लगवाल्या संचांना ८०० वॉटची मर्यादा घातली आहे. अमेरिकेत युटा राज्यानं मार्च २०२५ मध्ये १२०० वॉटपर्यंत वीज कंपनीशी करार नको, फी नको, असा कायदा केला. असं करणारं तिथलं ते पहिलंच राज्य. सुरक्षेचं प्रमाणपत्र मात्र हवंच.

"८०० वॉटला मिळतं काय?"

"आपल्या उन्हात दिवसाला तीनेक युनिटं."

काकू खो खो हसल्या. "तीन युनिटं! तुमच्या थर्मललाही तीनच उरलीत की!"

काकांचा चेहरा पडला. एकलहऱ्यात युनिट म्हणजे २१० मेगावॉटचा संच. तीन मिळून ६३०. आधीचे दोन धाकटे संच केव्हाच बंद पडले, आणि काकांची उमेदीची वर्षं त्यांच्याच आवाजात गेलेली. ते पेपरात डोकं घालून बसले.

पण माझ्या घरात तीन युनिटं थोडी नाहीत. फ्रिज निघेल, पंखे निघतील. आणि नियम ढिले करता येत नाहीत असंही नाही. १० किलोवॉटपर्यंतच्या छतावरच्या सौर संचाला तांत्रिक पाहणीशिवाय मंजुरी, हे केंद्रानं २०२४ मध्ये केलंच ना? आपला नियम छपराला ओळखतो, प्लगला ओळखत नाही, एवढंच. इन्व्हर्टर कसा हवा, मीटर कसा हवा ते ठरवावं आणि तेवढ्यावर परवानगी द्यावी. तोवर बाजारातून काहीबाही आणून कुणी प्लगात खुपसू नये; काकांचा वायरमन डोळ्यांसमोरून हलत नाही.

"आणि घरमालक?" काकूंनी जाता जाता विचारलं.

जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून घरमालकाला सबळ कारणाशिवाय नाही म्हणता येत नाही. आमच्या मालकीणबाईंनी मात्र कठड्यावर गोधडीसुद्धा टाकायची नाही म्हणून बजावलंय.